काळ्या वाळूचा किनारा

"मॅडम, उन्हाळ्यात समुद्र आटतो का हो?"

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं मला हे विचारलं आणि अख्खा वर्ग खो खो हसला. मी मात्र हसले नाही. आमची शाळा लातूर जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. इथं मार्च सरला की विहिरी तळ गाठतात आणि मांजरा-तेरणेच्या पात्रात वाळू दिसायला लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या लेकरानं जन्मापासून पाणी आटतानाच पाहिलंय, त्यानं दुसरं काय विचारावं?

आणि खरं सांगू का मुलांनो, तेव्हा मी स्वतःही समुद्र पाहिलेला नव्हता. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. भूगोल शिकवताना नकाशातल्या निळ्या रंगावर पट्टी ठेवून "हा अरबी समुद्र" असं मी सांगायची, तेवढीच आमची ओळख. पुढं समुद्र भेटला, पण कोकणातला नाही. तो भेटला थेट उत्तर ध्रुवाजवळच्या एका थंडगार देशात. त्या एका दिवसाची ही गोष्ट.

माझा धाकटा भाऊ आइसलँडमध्ये नोकरी करतो. जगाचा नकाशा उघडा. युरोपच्या डाव्या बाजूला, वर, ग्रीनलँडच्या शेजारी एक बेट दिसेल. तोच आइसलँड. आपल्या मराठवाड्याच्या दीडपट आकाराचा देश, पण माणसं किती? जेमतेम पावणेचार-चार लाख! म्हणजे एकट्या लातूर शहराएवढी. राजधानीचं नाव रेक्याविक. त्यांच्या भाषेत 'वीक' म्हणजे खाडी, आणि रेक्याविक म्हणजे 'धुराची खाडी'. तो धूर कसला, ते पुढं सांगते.

२०२४ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, भावानं मला आणि आईला तिकडं बोलावलं. मी लगेच तयार झाले. आई मात्र नाही म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, "तिथं भूकंप होतात म्हणं. एक बघितला तेवढा बास झाला."

आई असं का म्हणाली, ते सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं. दमूनभागून सगळे गाढ झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं ढिगारा होऊन पडली. हजारो माणसं गेली. मी तेव्हा पाच वर्षांची होते, भाऊ दोन वर्षांचा. मला आठवतं ते एवढंच, की आईनं आम्हाला दोघांना दोन बगलांत धरून अंगणात ओढलं आणि तोंडात माती गेली. आमचं घर तडकलं, पण आम्ही वाचलो. माझी आजी आणि सगळ्यात धाकटी मावशी मात्र वाचल्या नाहीत. आजोळचं घर काळ्या दगडाचं होतं. दोन-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद.

तेव्हापासून आई रोज पहाटे चारच्या आत उठून बसते. आणि काळ्या दगडाच्या भिंतीला टेकून ती कधीही बसत नाही.

शेवटी नातीला बघायच्या ओढीनं ती तयार झाली. लातूरला पारा बेचाळिशीच्या आसपास असताना आम्ही हैदराबादहून विमानात बसलो आणि मध्ये एक विमान बदलून आठ अंशांच्या थंडीत उतरलो. आईनं नऊवारीवर दोन स्वेटर, त्यावर भावाचं जाड जाकीट आणि पायांत लोकरी मोजे घातले होते. विमानतळावरची गोरी लहान मुलं तिच्याकडं टकामका बघत होती आणि ती त्यांच्याकडं!

सहल ठरली तो दिवस शनिवारचा. पहाटे मला जाग आली तर आई खिडकीशी उभी. नेहमीसारखी चारच्या आत उठलेली. पण बाहेर चक्क उजाडलं होतं! उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो. मे महिन्याच्या शेवटी तिथं सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री अकराला मावळतो. त्यानंतरही मिट्ट काळोख असा होतच नाही. आई म्हणाली, "माझ्या जागायच्या वक्ताला इथं उजेड असतोय गं. बरं वाटायलंय."

आंघोळीला नळ सोडला आणि मी नाक धरलं. गरम पाण्याला नासक्या अंड्यासारखा वास! तो गंधकाचा. आइसलँडच्या जमिनीखाली खूप उष्णता आहे. तिथलं गरम पाणी आणि वाफ वर काढून नळांतून घराघरांत खेळवतात. देशातली दहापैकी नऊ घरं अशी जमिनीच्या उष्णतेवर ऊबदार राहतात. पहिल्यांदा इथं आलेल्या लोकांना किनाऱ्यावर ही वाफ दिसली आणि त्यांना ती धुरासारखी वाटली. म्हणून ती 'धुराची खाडी'!

भावजयीनं रात्रीच धपाटे करून ठेवले होते. प्रवास म्हटला की मराठवाड्याचा माणूस धपाटे बांधतो, मग तो माहूरला जावो की आइसलँडला. सोबत दह्याऐवजी तिथला 'स्कीर' घेतला. स्कीर म्हणजे आपला चक्काच समजा, घट्ट आणि आंबूस. गाडीत आम्ही पाच जण : भाऊ, भावजय, सहा वर्षांची भाची, आई आणि मी. जायचं होतं वीक नावाच्या गावापर्यंत, एका बाजूनं सुमारे १९० किलोमीटर. रस्त्याचं नाव 'हायवे नंबर एक'. हा रस्ता अख्ख्या देशाभोवती गोल फिरून पुन्हा राजधानीत येतो. लांबी सुमारे १३०० किलोमीटर. आहे की नाही गंमत? रस्ता चुकण्याची भीतीच नाही!

शहर सुटलं आणि झाडं संपली. दोन्ही बाजूंना काळा खडक आणि त्यावर हिरवट शेवाळ. मध्येच जमिनीतून पांढऱ्या वाफेचे लोट वर येत होते. पुढं घाट उतरलो की क्वेरागेर्दी नावाचं गाव लागतं. तिथं जमिनीतल्या वाफेवर काचघरं गरम ठेवतात आणि बाहेर बर्फ असतानाही आत टोमॅटो पिकवतात. आईला हे फार आवडलं. "वाफंवर टमाटे! आपल्याकडं तर उन्हानंच वाफ निघते," ती म्हणाली.

थोडं पुढं सेल्फॉस गाव लागलं. तिथं भावानं गाडीचा वेग कमी केला आणि जरा अडखळतच म्हणाला, "आई, या भागात २९ मे २००८ ला भूकंप झाला होता. ६.३ रिश्टरचा. आपल्या किल्लारीएवढाच."

आईनं दोन्ही बाजूंना पाहिलं. घरं उभी होती. मुलं सायकली चालवत होती.

"किती माणसं गेली?" तिनं विचारलं.

"एकही नाही. काही जण जखमी झाले, घरांना तडे गेले, सामान पडलं. पण माणूस दगावला नाही."

गाडीत कुणी काही बोललं नाही. आई खिडकीतून बघत राहिली. तो भूकंप दुपारी झाला, किल्लारीचा पहाटे, हे खरं. तिकडं वस्तीही विरळ, हेही खरं. पण आईच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. तेवढाच धक्का, मग आपलीच माणसं का गेली?

तासाभरानं लांबूनच डोंगराच्या कडेवरून एक पांढरी रेघ खाली येताना दिसली. तो सेल्यालांट्सफॉस धबधबा. 'फॉस' म्हणजेच धबधबा. साठ मीटर उंचीवरून पाणी खाली कोसळतं, आणि गंमत म्हणजे या धबधब्याच्या मागून चालत जाता येतं! प्लॅस्टिकचे रेनकोट चढवून आम्ही आत गेलो. पुढं पाण्याचा पडदा, मागं काळा कडा, कानात नुसता घुमघुमाट. पावसाळ्यात नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा कुणी पाहिला असेल, तर त्याला या आवाजाची कल्पना येईल. माझं सासर नांदेडचं, त्यामुळं सहस्रकुंड मी दोनदा पाहिलाय. पण तो दिवाळीनंतर बारीक होत जातो. हा बाराही महिने वाहतो, कारण वरच्या हिमनदीचं बर्फ त्याला पाणी पुरवतं. आईनं ओंजळ पुढं केली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "एवढं पाणी नुसतं वाहून चाललंय. लातूरला एक टँकर तरी न्यावा वाटतोय!"

बाहेर येऊन गाडीत धपाटे आणि स्कीर खाल्लं. समोरच एक बर्फाच्छादित डोंगर होता. त्याचं नाव एका दमात म्हणून दाखवा बघू : एयाफ्यात्लायोकुत्ल! भाची मात्र घडाघडा म्हणते. हा ज्वालामुखी आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये तो जागा झाला आणि त्याची राख आकाशात इतकी पसरली, की युरोपमधली विमानं जवळजवळ आठवडाभर बंद पडली. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली.

आता एक कोडं. आइसलँडचा ज्वालामुखी आणि आपल्या शेताच्या बांधावरचा काळा दगड यांचं नातं काय?

उत्तर : सख्खं नातं! जमिनीच्या पोटातून तापलेला लाव्हा बाहेर येतो आणि थंड होऊन त्याचा काळा दगड बनतो. त्याला बेसॉल्ट म्हणतात. आइसलँड जवळजवळ सगळा याच दगडाचा. आणि आपला महाराष्ट्र? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथंही जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा वाहिला होता. एकदा नव्हे, थरावर थर. आज महाराष्ट्राच्या पाचपैकी चार भाग जमिनीखाली तोच बेसॉल्ट आहे. आपली कापसाची काळी माती त्याच दगडाची झीज होऊन तयार झाली. नांदेडच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडं गेलात, तर हा काळा दगड संपून ग्रॅनाइटचे खडक लागतात. म्हणजे लाव्ह्याच्या त्या जुन्या पसाऱ्याची एक कड आपल्याच मराठवाड्यात आहे.

दुपारी तीनला आम्ही समुद्रावर पोहोचलो. किनाऱ्याचं नाव रेनिस्फ्यारा.

मुलांनो, मी समुद्र निळा असतो असं शिकवत होते. हा राखाडी होता. वाळू पिवळी असते असं चित्रात रंगवत होते. इथली वाळू कोळशासारखी काळी! लाटा घोटून घोटून त्या काळ्या दगडाचाच भुगा करतात. आणि समुद्र केवढा? तर माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं. या किनाऱ्यावरून सरळ दक्षिणेकडं गेलं, तर थेट दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन लागतच नाही. पाणी, पाणी आणि पाणी! वारा असा, की आईचा पदर मला एका हातानं धरून ठेवावा लागला.

समुद्रात तीन उंच सुळके उभे होते. तिथली लोककथा अशी, की राक्षस रात्री एक जहाज किनाऱ्याकडं ओढत होते. ओढता ओढता पहाट झाली, सूर्याचे किरण अंगावर पडले आणि ते जागच्या जागी दगड झाले.

गाड्यांच्या तळाजवळ एक मोठा फलक होता. त्यावर किनाऱ्याचा नकाशा, इशारे आणि वर एक दिवा. इथल्या लाटा फसव्या असतात. पाच-दहा लाटा लहान येतात आणि अचानक एखादी खूप आतपर्यंत घुसते. पाण्याखालचा उतार तीव्र असल्यानं परत जाताना ती माणसाला ओढून नेते. या किनाऱ्यानं पर्यटकांचे जीव घेतले आहेत. म्हणून २०२२ मध्ये तिथं हे इशाऱ्याचे दिवे बसवले. लाटांच्या अंदाजाप्रमाणं दिव्याचा रंग ठरतो. त्या दिवशी दिवा पिवळा होता.

आईला फलक वाचता येईना. "पिवळा म्हंजे काय?" तिनं विचारलं.

"सावध राहा. पाण्यापासून लांब राहा," भाऊ म्हणाला.

"मग मी हितंच बरी," म्हणून ती वरच एका दगडावर बसली. मी मनात हसले. पिवळा तर आहे, लाल थोडाच आहे!

उजव्या-डाव्या बाजूला माणसंच माणसं होती. सगळ्यांची गर्दी एका गुहेशी. तिथं तर निसर्गानं कमालच केलीय. डोंगराच्या पायथ्याशी काळ्या दगडाचे शेकडो खांब, एकाला एक चिकटून उभे, जणू कुणी पाथरवटानं छिन्नीनं घडवलेत. बहुतेक खांब सहा कोनांचे. मुलं त्यांच्या पायऱ्या करून चढत होती. वर कड्यावर पफिन पक्षी भिरभिरत होते. काळा कोट घातलेला आणि केशरी चोचीचा हा पक्षी विदूषकासारखाच दिसतो.

हे खांब कसे बनले? मे महिन्यात तुमच्या गावचा तलाव आटला की तळाच्या चिखलाकडं नीट बघा. वाळताना चिखल आकसतो आणि त्याला भेगा पडतात. पाच-सहा कोनांच्या फरश्या तयार होतात. लाव्हाही थंड होताना असाच आकसतो. त्या भेगा वरून खाली खोल खोल जातात आणि फरश्यांऐवजी खांब बनतात. असे खांब बघायला आइसलँडलाच जायला पाहिजे असं नाही. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथंही आहेत.

हे सगळं मी भाचीला समजावत होते. मध्येच ती म्हणाली, "आत्या, तो गोल दगड बघ ना!" पाण्याजवळ एक गुळगुळीत काळा दगड चमकत होता. पाणी तर लांब होतं. मी तिचा हात धरला, आम्ही दहा-बारा पावलं पुढं गेलो. दगड मिळाला. मग म्हटलं, एक फोटो काढू. मी समुद्राकडं पाठ केली.

तेवढ्यात वाऱ्यातून आवाज आला, "पळ गं! पाणी येऊ लालंय! पाणी!"

तो आवाज मला ओळखीचा होता. एकतीस वर्षांपूर्वी अंधारात ऐकलेला. मी मागं न बघता भाचीला उचललं आणि धावले. चार पावलं गेले असेन, पाणी पोटऱ्यांवर आदळलं, गुडघ्यांवर चढलं. बर्फासारखं गार. आणि मग ते परत फिरलं. पायांखालची वाळू सरसर निसटायला लागली. कुणीतरी खालून सतरंजी ओढावी तसं. मी पडणार, इतक्यात भावानं माझा दंड धरला आणि आम्हाला दोघींना वर खेचलं.

पाच-सात सेकंदांचा खेळ. मोबाइल गेला. भाचीच्या हातातला दगडही गेला. ती रडायलाही विसरली होती.

आई घाईघाईनं खाली आली. आधी तिनं नातीला छातीशी धरलं. मग माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मॅडम ना तू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात रोज सूचना देणारी मी, फलक वाचता येणारी मी. आणि ज्या बाईला त्यातलं अक्षर वाचता आलं नाही, तिनं नुसता दिव्याचा रंग विचारून तो पाळला. "तुला लाट कशी गं दिसली?" मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "मी येकेक लाट मोजत बसले होते. धा लाटा येका रेघंपर्यंत आल्या. अकरावी लांबूनच उंच दिसली."

कपडे झटकायला आम्ही कड्याजवळ, वाळूच्या अगदी वरच्या टोकाला आलो. आई त्या काळ्या खांबांकडं बघत उभी राहिली. मग तिनं जाकिटातून हात बाहेर काढला आणि तळहात दगडावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हाच की गं तो दगड," ती म्हणाली. "आपल्या घराचा. मला वाटायचं दगडानंच मारलं माझ्या आईला."

भाऊ हळूच म्हणाला, "दगड मातीत बसवला होता, आई. त्याला धरून ठेवायला काहीच नव्हतं. आणि वर एवढं जड माळवद. हलल्यावर ते सगळं खाली आलं. इथं घरांत काँक्रीट आणि लोखंडाच्या सळया असतात, जुनी घरं लाकडाची नि पत्र्याची. धक्का बसला तर हलतात, पण चटकन कोसळत नाहीत."

आईनं मान हलवली. काही बोलली नाही.

वीक गाव तिथून अगदी जवळ. जेमतेम हजारभर वस्ती. तिथं मोजे विकत घेतले, गरम गरम सूप प्यालो, तेव्हा कुठं दातांची कडकड थांबली. गावाच्या वर टेकडीवर लाल छपराचं एक छोटं चर्च आहे. गावातली बाकी घरं खाली, हे एकटंच वर. त्याचंही एक कारण ऐकायला मिळालं. जवळच्या हिमनदीखाली कात्ला नावाचा मोठा ज्वालामुखी झोपलाय. १९१८ मध्ये तो उफाळला, तेव्हा बर्फ वितळून एवढा पूर आला, की सोबत आलेल्या गाळानं समुद्राचा किनारा काही किलोमीटर पुढं सरकला! पुन्हा असं झालं तर गावकऱ्यांनी कुठं जमायचं? तर वर, चर्चपाशी. सगळ्या गावाला हे पाठ आहे. मुलंसुद्धा याचा सराव करतात. मोबाइलवर इशारा आला की निघायचं, एवढंच.

भावानं ग्रिंडाविक गावाचंही सांगितलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथं जमिनीखाली लाव्हा सरकतोय असं शास्त्रज्ञांच्या यंत्रांनी दाखवलं. पावणेचार हजार माणसांचं ते गाव एका रात्रीत रिकामं केलं. पुढं लाव्हा खरंच आला, काही घरं गेली. पण माणसं आधीच बाहेर पडली होती. भूकंपाचं मात्र असं आधी सांगता येत नाही. तो कधी होईल हे आजही कुणालाच कळत नाही. तिथं उपयोगी पडतं ते मजबूत घर आणि केलेला सराव.

परतीच्या वाटेवर रात्रीचे दहा वाजले तरी उन्हं होती. भाची आईच्या मांडीवर झोपली होती. आई म्हणाली, "आपल्याकडंबी भूकंपानंतर नवीन गावं बसवली, घरं बांधून दिली. पण तीस वर्षं झाली. आता लेकरांना सांगतंय कोण, हललं तर काय करायचं ते? मीबी कधी सांगितलं नाही. नुसती जागत बसले."

हे वाक्य घेऊन मी लातूरला आले.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलांना काळ्या वाळूची गोष्ट सांगितली, लाटेचीही सांगितली आणि चूक माझी होती हेही सांगितलं. मग १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, परभणी, नांदेड भागात भूकंपाचे धक्के जाणवले. नांदेडहून सासूबाईंचा फोन आला, भांडी वाजली म्हणून. सुदैवानं मोठं काही झालं नाही. पण त्या दिवशी वर्गात आल्या आल्या तोच मुलगा उभा राहिला, समुद्र आटतो का विचारणारा.

"मॅडम, तिथल्या समुद्रावर दिवा हाय. मग आपल्या शाळंचा दिवा कुठंय?"

आमच्या शाळेला दिवा नव्हता. भूकंपाला दिवा नसतोच, हे मी त्याला सांगितलं. पण त्याच दिवशी आम्ही कामाला लागलो. सहावी-सातवीच्या मुलांनी शाळेचा नकाशा काढला. कोणती भिंत जुनी, विजेचा खांब कुठं, मोकळी जागा कोणती, सगळं त्यात मांडलं. जमीन हलली तर बाकाखाली बसायचं, डोकं हातांनी झाकायचं, बाक घट्ट धरायचा. हलणं थांबल्यावर रांगेनं बाहेर पडायचं, ढकलाढकली करायची नाही. भिंतीपासून आणि तारांपासून लांब, मैदानाच्या मधोमध जमायचं. पहिल्या सरावाला सगळ्या शाळेला बाहेर यायला चार मिनिटं लागली. तिसऱ्या सरावाला दीड.

त्या तिसऱ्या सरावाला मी आईला बोलावलं होतं. मैदानाच्या कडेला जुन्या विहिरीचा काळ्या दगडाचा कठडा आहे. मुलं रांगेनं बाहेर येत होती आणि आई त्या कठड्यावर बसून एकेकाला मोजत होती.